ठेवलेलं पाणी

१

फरश्या बसवणारा एक मिस्त्री होता. कामावर त्याला नावाने कुणीच हाक मारत नसे. सगळे त्याला 'लेव्हल' म्हणत, कारण फरशी एक सूत जरी खाली-वर झाली तरी तो ती उचकटून पुन्हा बसवायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ठेकेदार कपाळाला हात लावून म्हणायचा, "अरे बाबा, लोक याच्यावरून चालणार आहेत, गोट्या खेळणार नाहीत!" लेव्हल हसायचा आणि फरशी उचकटायचाच.

त्या वर्षी दिवस काही बरे नव्हते. वीज न सांगता जायची. दुकानात आज साबण नाही, उद्या मीठ नाही, असं चाललं होतं. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी. हे सगळं कशामुळे, ते जो तो वेगळं सांगायचा आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटायचं. लेव्हलची बायको एका कारखान्यात शर्टांना बटणं लावायची. ती या चर्चेत पडायची नाही. "घाबरून पोट भरत नाही," असं म्हणून ती कामाला लागली होती. बाजारात गेली की एक वस्तू जास्तीची आणायची, एकच. कधी काडेपेटी, कधी मिठाची पिशवी. प्रत्येकीवर मार्करने तारीख टाकायची, एका पेटीत जुनी पुढे आणि नवी मागे लावायची. उरलेल्या मेणबत्त्यांची टोकं वितळवून तिने डब्याच्या झाकणात मोठे मेणदिवे केले होते. जुन्या चादरींच्या पट्ट्या फाडून, उकळून, गुंडाळून ठेवल्या होत्या. टॉर्चमधले सेल उलटे घालायची, म्हणजे ते उगाच उतरत नाहीत.

आणि पाणी. भंगारवाल्याकडून तिने सरबताच्या रिकाम्या मोठ्या बाटल्या आणल्या, साबणाने धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि भरल्या. बेचाळीस बाटल्या. आतल्या खोलीच्या भिंतीला लेव्हलने फळी ठोकून दिली आणि त्या तिच्यावर ओळीने बसल्या.

त्याच खोलीत लेव्हलचे वडील असायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, तेव्हापासून ते कॉटवर पडून होते. बोलणं गेलं, हातपाय गेले, राहिले ते डोळे. घर तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, कुशीवर वळवण्यापलीकडे यांना हलवू नका, जिना तर विसराच.

२

पाण्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते मुलीच्या. ती नऊ वर्षांची, आणि तोंडाचा पट्टा सदा चालू म्हणून घरात तिचं नाव टकळी पडलेलं. एका सकाळी दात घासता घासता ती आतल्या खोलीच्या दारात थांबली आणि फेसाने भरलेल्या तोंडाने म्हणाली,

"पप्पा, पाणी वाकडं झालंय."

"आधी चूळ भर."

"चूळ भरते, पण पाणी वाकडंच आहे."

लेव्हल कामाला निघायच्या घाईत होता. तरी वाकडं म्हटल्यावर त्याच्याने राहवलं नाही. तो आत गेला आणि फळीसमोर उभा राहिला.

बेचाळीस बाटल्या सरळ उभ्या होत्या. आतलं पाणी तिरकं होतं. न्हाणीघराच्या बाजूला किंचित वर, दाराच्या बाजूला किंचित खाली. फार नाही, जेमतेम एक सूत. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं.

त्याने पिशवीतून पाणसळ काढली आणि फळीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये आला. एक बाटली उचलून जमिनीवर ठेवली आणि जमीन मापली. तीही चोख, त्यानेच बसवलेली. बाटली हलल्यामुळे आतलं पाणी डचमळलं आणि सपाट झालं. मग फळीवरची एक न उचलता नुसती बोटाच्या टोकाने हळूहळू फिरवली, अर्धा फेरा. बाटली फिरली, पाण्याचा उतार फिरला नाही. तो न्हाणीघराकडेच राहिला.

"अहो, डोळे तपासून घ्या एकदा," बायको मागून म्हणाली. मग तिनेही वाकून पाहिलं.

"प्लास्टिक वाकलं असेल," तो म्हणाला.

"बेचाळीसच्या बेचाळीस? एकाच बाजूला?"

"ऊन लागलं असेल."

"इथे ऊन येतं कुठे?"

उशीर होत होता. दोघं आपापल्या कामाला गेली, टकळी शाळेत गेली, आणि खोलीत बाबा आणि ते पाणी एवढेच राहिले.

३

त्या आठवड्यात लेव्हलने पाण्याचा पिच्छा सोडला नाही. नळाचं ताजं पाणी ग्लासात घेतलं. सपाट. फळीवरच्या एका बाटलीतलं पाणी गदागदा हलवलं. सपाट झालं आणि तीन दिवस सपाटच राहिलं. चौथ्या दिवशी त्याच्या एका कडेने हळूच मान वर केली. कामावर त्याच्याजवळ पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी असायची, एका भिंतीची पातळी दुसऱ्या भिंतीवर न्यायला. तिच्यातलं पाणी रोज हलायचं, रोज सांडायचं. त्याला काही झालं नव्हतं. जे चालतं-फिरतं होतं ते ठीक होतं. जे ठेवलेलं होतं, तेच झुकत होतं.

त्याने एका बाटलीवर मार्करने पाण्याची रेघ ओढली आणि रोज सकाळी नवी रेघ ओढू लागला. दोन सूत. तीन सूत. शनिवारी अर्धा इंच. उतार वाढत होता आणि बाजू तीच होती. न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे दुसरी इमारत होती, तिच्यापलीकडे मोठा रस्ता, आणि तो रस्ता डोंगराकडे जायचा.

"कुणाला सांगितलंत का?" बायकोने विचारलं.

"काय सांगू? माझ्या घरातलं पाणी तिरकं उभं राहतंय म्हणून? आधीच लेव्हल म्हणतात, उद्या वेडा म्हणतील."

रविवारी सकाळी ती बाबांचं अंग पुसायला गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. आवाज मोठा नव्हता, पण तो हातातला कप ठेवून धावला.

"मी आठ दिवस बघतेय," ती म्हणाली. "रात्री मी यांची मान सरळ ठेवते, दोन्ही बाजूंना उशा लावते. सकाळी बघावं तर मान वळलेली. मला वाटलं, उशी घसरत असेल."

बाबांची मान न्हाणीघराकडे वळली होती. दोन वर्षांत ज्या मानेने माशी वारायलाही हालचाल केली नव्हती, ती उशी बाजूला सारून वळली होती. डोळे उघडे होते. भिंतीवर काही नव्हतं, पण बाबा तिच्याकडे, दूरवर कुणी येताना दिसावं तसे बघत होते.

लेव्हलने मान सरळ केली. हात काढला. मान वळायला तासभर लागला. तासभर तो समोर बसून राहिला आणि ती वळताना त्याला एकदाही दिसली नाही, घड्याळाचा काटा सरकताना दिसत नाही तशी.

"जे हलत नाही, त्याला कळतंय," बायको म्हणाली. तिने ते साधेपणाने म्हटलं, डाळ शिजली म्हणावं तसं.

४

बुधवारी संध्याकाळी खाली टेंपोचा हॉर्न वाजला. बायकोचा धाकटा भाऊ, टकळीचा मामा, आला होता. डोंगराकडच्या गावात राहायचा, टेंपो चालवायचा, इथून दोन तासांची वाट. जिना चढून वर आला तोच घामाघूम होऊन.

"ताई, बॅग भर. भाऊजी, तुम्ही पण. माझ्याकडे चला सगळे."

"झालं काय?"

"व्हायचं काय राहिलंय? इथे ना पाणी ना वीज. माझ्याकडे निदान विहीर आहे."

"आणि बाबा?" लेव्हलने विचारलं.

मामाने दाराकडे वळून पाहिलं. जिना किती अरुंद आहे ते आत्ताच चढून त्याने पाहिलं होतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मग पोरीला तरी द्या माझ्याबरोबर. चार दिवस. टकळी, येणार ना?"

"आजोबा येणार असतील तर," टकळी म्हणाली.

लेव्हलला खरं तर हो म्हणायचं होतं. उतार त्या सकाळी बाटलीच्या निम्म्या उंचीएवढा झाला होता. फरशीवर असा उतार असता तर माणूस घसरून पडला असता. काय येतंय हे त्याला माहीत नव्हतं, पण काहीतरी येतंय एवढं त्याला पटलं होतं आणि मुलगी इथे नसावी असं वाटत होतं. तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मामा पाणी प्यायला आत गेला आणि फळीसमोर उभा राहिला.

"इथे पण?" मामा म्हणाला.

"इथे पण म्हणजे?" बायकोने विचारलं.

मामा तिथल्या तिथे खाली बसला. "माझ्याकडे एक ड्रम आहे. पंधरा दिवसांपूर्वी भरून ठेवला, तूच सांगितलं होतंस, ताई, भरून ठेव म्हणून. परवा झाकण काढलं तर पाणी एका बाजूला चढून काठाला टेकलेलं. सांडत नव्हतं. मी झाकण लावलं, वर दगड ठेवला आणि कुणाला बोललो नाही."

"कुठल्या बाजूला चढलेलं?" लेव्हलने विचारलं.

मामाने आठवून हात दाखवला. मग आपल्याच हाताकडे बघत राहिला. "तुमच्या बाजूला."

इथलं पाणी डोंगराकडे झुकत होतं. डोंगराकडचं पाणी इकडे. दोन तासांच्या त्या वाटेवरून मामा नुकताच आला होता.

"रस्त्यात काही दिसलं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. रस्ता मोकळा होता." मामाने कपाळावरचा घाम पुसला. "अगदीच मोकळा होता. एक पाखरू दिसलं नाही."

टकळीला पाठवायचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. पाठवायचं तर त्याच वाटेने पाठवावं लागलं असतं. मामाही थांबला. टेंपो गल्लीत लावून ठेवला आणि स्वयंपाकघरात येरझारा घालत राहिला.

"अरे, बस ना जरा," ताई म्हणाली.

"बसलो की मलाही कळायला लागेल," तो म्हणाला. हे त्याने हसत म्हटलं आणि पुन्हा फिरू लागला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्यांतलं पाणी एका कडेला उभं राहिलं होतं. उतार म्हणायची सोय उरली नव्हती. पाणी भिंतीसारखं एका बाजूला आणि हवा दुसऱ्या बाजूला, मध्ये सरळ उभी रेघ. बाटल्या मात्र कलंडल्या नव्हत्या.

लेव्हल कामावर गेला नाही. बायकोनेही रजा टाकली. तिने तयारीची पेटी उघडली आणि मग तिच्यासमोर उभीच राहिली. मीठ होतं, पट्ट्या होत्या, मेणबत्त्या होत्या, टॉर्च होता. सगळ्यांवर तारखा होत्या. आज यातलं काय काढायचं, ते तिला कळेना. तिने पेटी बंद केली आणि म्हणाली, "चला, बाबांजवळ बसू. एवढंच करता येईल."

चौघं आतल्या खोलीत बसली. लेव्हल खिडकीशी, बायको कॉटच्या कडेला बाबांचा हात हातात घेऊन, टकळी तिच्या मांडीला टेकून, मामा दारात. मामा आधी उभा होता, मग उकिडवा बसला, मग मांडी घालून. बाराच्या सुमाराला तोही हलायचा थांबला.

आधी आवाज गेले. खालच्या मजल्यावरचं शिवणयंत्र थांबलं. रस्ता गप्प झाला. न्हाणीघरातल्या नळाचं ठिबकणं लेव्हल इतका वेळ न ऐकता ऐकत होता, ते बंद पडलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मग प्लास्टिक वाजू लागलं. टक. फळीच्या टोकाची बाटली. टक. तिच्या शेजारची. बाटल्यांच्या खालच्या बाजू आत ओढल्या जात होत्या, एकामागून एक, जणू फळीच्या कडेकडेने कुणी सावकाश चालत येत होतं.

"पप्पा," टकळी कुजबुजली. "पाणी वर गेलं."

बेचाळीस बाटल्यांतलं पाणी झाकणांना चिकटलं होतं. वर पाणी आणि खाली रिकामी, स्वच्छ हवा. वरच्या पाण्याची खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती आणि थरथरतसुद्धा नव्हती.

लेव्हलला ओरडावंसं वाटायला हवं होतं. पुढे त्याने स्वतःला अनेकदा विचारलं, की तू घाबरला का नाहीस. घाबरला होताच. पण त्या भीतीच्या आत दुसरं काहीतरी होतं. लहानपणी त्याने पहिल्यांदा समुद्र पाहिला, तेव्हा तो वडिलांच्या पायांना मिठी मारून उभा राहिला होता आणि त्याला डोळे मिटवत नव्हते. तसंच आता झालं होतं. त्याने उठून खिडकीबाहेर वर पाहिलं. आकाश कोरं होतं. ढग नाही, सावली नाही, नुसती भर दुपारची पांढरी ऊब.

मग त्याने खाली पाहिलं.

इमारतीच्या अंगणात सिमेंटची उघडी टाकी होती. कपडे धुवायचं पाणी तिच्यात साठवायचे आणि आठवडाभर तिला कुणी हात लावला नव्हता. तिचं पाणी काठांवरून वर उचललं गेलं होतं. मोठ्या घुमटासारखं, एक थेंब न सांडता, ते हवेत उभं होतं. आणि त्या घुमटात वरचं प्रतिबिंब पडलं होतं. आकाशात जे दिसत नव्हतं, ते पाण्यात दिसत होतं.

त्याला दिसली ती एक कड. एवढंच तो सांगू शकला, पुढे बायकोने किती वेळा विचारलं तरी. एक कड घुमटाच्या या टोकाला शिरली आणि सरकत त्या टोकाला गेली. तिच्यामागे जे होतं ते सरकत राहिलं. आयुष्यभर कडा जुळवलेल्या त्या माणसाने दुसऱ्या कडेची वाट पाहिली. प्रत्येक गोष्टीला दुसरी कड असते. सरकणं चालू राहिलं. त्याच्यावर रेषा होत्या, सांधे असावेत तशा, आणि ते सांधे इतके चोख होते, इतके समपातळीत, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असं काम त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो खिडकीशी खाली बसला.

"बाबांकडे बघा," बायकोचा आवाज आला.

बाबा रडत होते. चेहरा छताकडे, शांत. अश्रू डोळ्यांच्या कोपऱ्यातून निघून गालांवर उतरत नव्हते. ते भुवयांवरून कपाळाकडे चढत होते. कपाळाच्या टोकाशी ते जमले, एक मोठा थेंब झाला, आणि तो सुटून वर गेला. छतावर एक ओला ठिपका पडला. मग दुसरा. टकळीने हात पुढे करून तिसरा थेंब वाटेत झेलला आणि मूठ मिटली.

आपण किती वेळ बसलो होतो, ते कुणालाच सांगता आलं नाही.

६

मग सगळं पाणी एकदम खाली आलं. बेचाळीस बाटल्यांत एकच थाप वाजली. अंगणात टाकीचं पाणी धपकन कोसळलं आणि पहिल्या मजल्यापर्यंत उडालं. नळ ठिबकला. खाली कुठेतरी एक कुत्रं भुंकलं आणि आपल्याच आवाजाला दचकून गप्प झालं.

लेव्हलने बाहेर पाहिलं. गल्लीत माणसं आली होती. दुकानदार, शिवणकाम करणारी खालची बाई, तीन वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे समोरचे दोघे भाऊ. सगळे रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि वर बघत होते. आपण बाहेर का आलो, हे कुणालाच माहीत नसावं. मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. ते दोघे भाऊ हात धरून उभे होते आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं. थोड्या वेळाने एकजण खाकरला, कुणीतरी उकाड्याबद्दल काही म्हणालं आणि माणसं आपापल्या घरात गेली.

मोडलं काहीच नव्हतं. मामाने पुन्हा पुन्हा खात्री केली. भिंतीला हात लावून पाहिला, गॅस पाहिला, खिडकीतून टेंपो पाहिला. मग तो मोठ्याने हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

"गेलं ना? ताई, गेलं ना ते?"

"गेलं," ती म्हणाली. तिचा हात अजून बाबांच्या हातात होता. "अहो, त्याला आपण दिसलो असू?"

लेव्हलने विचार केला. "नाही. कामाच्या ठिकाणी मी फरशीखालच्या मुंग्या कधी मोजल्यात?"

तिला ते पटलं, आणि पटल्यामुळेच ती थोडी आक्रसली. उठून पदर सारखा केला आणि चहा टाकते म्हणून वळली. त्याच वेळी बाबा बोलले.

आवाज खरखरीत होता, दोन वर्षं बंद असलेल्या दाराच्या कडीसारखा, पण शब्द स्वच्छ होते.

"लहान होतं रे."

चौघं जागच्या जागी थिजली. लेव्हल कॉटपाशी गेला आणि वाकला. वडिलांचा आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून दोन वर्षं तो किती तळमळला होता, ते त्याचं त्यालाच माहीत. आता ऐकला तेव्हा त्याला आनंद व्हायलाही सुचलं नाही.

"काय लहान होतं, बाबा?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. ते घाबरलेले दिसत नव्हते. उलट चेहऱ्यावर एक कौतुक होतं, लहान जिवाकडे बघून म्हाताऱ्या माणसांना वाटतं तसं. त्यांची मान आपसूक न्हाणीघराच्या भिंतीकडे परत वळली. गोठ्यात वासरू आधी उड्या मारत शिरलं की माणूस थोडा बाजूला सरकतो आणि मागून येणाऱ्या गाईसाठी दाराकडे बघत उभा राहतो. बाबा तसे त्या भिंतीकडे बघत राहिले.